सिकलसेल असताना दिव्यांग प्रमाणपत्र आणि निराधार अनुदान: अर्ज कुठे अडतो, कसा पुढे न्यायचा

दिव्यांगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर आलेल्या सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णाच्या हातात बहुतेक वेळा एकच कागद असतो, गावातल्या तपासणी शिबिरात मिळालेला सोल्युबिलिटी टेस्टचा पॉझिटिव्ह रिपोर्ट. तेवढ्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. माणूस मजुरी बुडवून आलेला असतो, त्याला परत पाठवतात. दुसऱ्या वेळी रिपोर्ट बरोबर असतो, पण आधारवरचं नाव आणि केस पेपरवरचं नाव जुळत नाही. तिसऱ्यांदा यायची हिंमत राहत नाही.

माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. आम्ही पूर्व विदर्भातले. त्याच्या प्रमाणपत्रासाठी आम्ही जवळजवळ सगळ्या चुका करून झालो, आणि आता गावातल्या इतरांचे अर्ज भरून देताना त्याच चुका पुन्हा दिसतात. म्हणून हे क्रमाने लिहीत आहे. क्रम मोडू नका. अर्ध्या फेऱ्या क्रम चुकल्यामुळेच वाढतात.

टप्पा १: आपला आजार यादीत कुठे बसतो ते आधी बघा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. दीर्घ आजारांपैकी त्यात थेट नाव असलेले थोडेच: रक्ताच्या आजारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया, मज्जासंस्थेच्या आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स.

मधुमेह, किडनीचे विकार, हृदयविकार, संधिवात ही नावं यादीत नाहीत. म्हणून या रुग्णांचा अर्ज होतच नाही असं मात्र नाही. मधुमेहाने पाय कापावा लागला असेल किंवा नजर गेली असेल, संधिवाताने हातापायांचे सांधे आखडले असतील, तर त्या नुकसानीसाठी अस्थिव्यंग किंवा दृष्टिदोष या प्रकारात अर्ज करता येतो. फॉर्मवर तिथे ‘मधुमेह’ लिहून उपयोग नाही.

सिकलसेलमध्ये एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ‘एएस’ म्हणजे वाहक. त्याला आजार नसतो, आणि नुसतं वाहक असण्यावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. सिकल आणि थॅलेसेमिया दोन्हींचे जनुक एकत्र आले तर तोही रुग्णच. आमच्याकडे घरात एकाला सिकलसेल निघालं की सगळेच ‘आम्ही सिकलसेलवाले’ म्हणतात आणि वाहक भाऊबहिणीही रांगेत उभे राहतात. कार्डावर काय लिहिलंय ते वाचूनच घराबाहेर पडा.

> तपासा: सिकलसेल कार्डावर किंवा रिपोर्टवर ‘एसएस’ किंवा ‘सिकल-बीटा थॅलेसेमिया’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे का? नसेल तर टप्पा २ पूर्ण होईपर्यंत ऑनलाइन अर्ज करू नका.

टप्पा २: निदानाचा पक्का कागद मिळवा

सोल्युबिलिटी टेस्ट ही चाळणी आहे. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच ती सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, म्हणजे एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस, लागते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत ही तपासणी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून संदर्भ चिठ्ठी घेऊन गेलात तर सोपं जातं.

रक्त चढवल्यावर लगेच एचपीएलसी करू नका, ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. रक्तदात्याचं रक्त आपल्यात मिसळलेलं असतं, त्यामुळे रिपोर्टमधले आकडे फसवे येतात. रुग्ण असूनही वाहकासारखा निकाल दिसू शकतो. रक्त चढवून साधारण तीन महिने होऊ द्या, किंवा रक्त चढवण्याआधीच नमुना घ्यायला सांगा. भावाची पहिली तपासणी रक्त चढवल्यावर दहाव्या दिवशी झाली होती. त्या रिपोर्टवरून पुढे सहा महिने वाद चालला.

रिपोर्टवर रुग्णाचं नाव, वय, तारीख, प्रयोगशाळेचा शिक्का आणि सही आहे ना, ते खिडकीवरच बघून घ्या. घरी आल्यावर चूक दिसली तर पुन्हा एक दिवस जातो.

टप्पा ३: फाइल तयार करा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

सिकलसेलचं दिव्यांगत्व बाहेरून दिसत नाही. हात आहेत, पाय आहेत, माणूस चालत आलाय. नुसता एचपीएलसी रिपोर्ट पाहिला तर डॉक्टरांना आजार आहे एवढंच कळतं. आजाराने किती नुकसान केलं ते बाकीच्या कागदांतून दिसायला हवं: वर्षातून किती वेळा दुखणं उठलं, किती वेळा भरती व्हावं लागलं, किती वेळा रक्त चढवलं, आणि खुबा, मेंदू, डोळे, किडनी, फुप्फुस यांपैकी कशावर परिणाम झाला.

कागद या क्रमाने लावा:

१. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट, सगळ्यात वर.
२. डिस्चार्ज कार्डं, सगळ्यात अलीकडचं आधी. ज्यात रक्त चढवल्याची नोंद आहे तिथे कोपऱ्यात पेन्सिलने ‘रक्त’ लिहा.
३. नियमित तपासणीचे केस पेपर. हायड्रॉक्सीयुरियाच्या (दुखण्याचे झटके कमी करणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर त्या कधीपासून आणि किती, हे ज्या पानावर आहे ते पान.
४. खुब्याचा एक्स-रे किंवा एमआरआय, सोनोग्राफी, डोळ्यांची तपासणी. जे झालं असेल ते.
५. आधार, पासपोर्ट आकाराचे अलीकडचे फोटो, रहिवासाचा पुरावा.

मूळ कागद एका पिशवीत, झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या पिशवीत. मूळ कागद कोणालाही देऊन येऊ नका. तिथे दाखवायचे आणि परत घ्यायचे. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी असू द्या. आमच्या शेजारच्या काकूंची २ वर्षांची डिस्चार्ज कार्डं गळक्या छपराखाली भिजून गेली. रुग्णालयातून दुय्यम प्रती काढायला त्यांना चार चकरा माराव्या लागल्या.

*दुखण्याची वही*

बरेचसे झटके घरीच सोसले जातात. रात्री पाय दुखू लागतात, गरम पाण्याची पिशवी, गोळी, भरपूर पाणी. सकाळी जरा उतार पडतो. दवाखान्यात गेलं नाही म्हणजे कागदावर काहीच नाही. म्हणून शंभर पानी वही करा. भावाच्या वहीतली एक नोंद अशी आहे:

‘१२ डिसेंबर. रात्री २ वाजता दोन्ही पिंढऱ्या आणि कंबर. थंडी खूप होती. गोळी घेतली, पाणी पिलो. सकाळी उभं राहता आलं नाही. ४ रोज बुडाले. भरती नाही.’

एवढंच पुरे. तारीख, कुठे दुखलं, किती दिवस, काय औषध, काम किंवा शाळा किती दिवस बुडाली, भरती झालं की नाही. वही म्हणजे वैद्यकीय पुरावा नव्हे. पण दर महिन्याच्या तपासणीला ती डॉक्टरांपुढे ठेवा आणि नम्रपणे म्हणा, ‘डॉक्टर, मागच्या महिन्यात दोनदा दुखणं उठलं, तेवढं केस पेपरवर लिहाल का?’ केस पेपरवर आलं की तो पुरावा झाला. अर्जाआधी असे सहा महिने काढता आले तर फाइलचा चेहराच बदलतो.

> थांबा: न झालेली भरती, न आलेला झटका लिहू नका. खोटं बोलून दिव्यांगांचा लाभ घेतल्यास कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय खऱ्या रुग्णाकडे पुढच्या वेळी संशयाने बघितलं जातं.

*नावं जुळवा*

आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, डिस्चार्ज कार्डावर घरचं नाव. हे इतकं सर्रास होतं की मी आता आधी नावंच बघते. आधार चुकीचं असेल तर ते आधी दुरुस्त करा. आधार बरोबर आणि केस पेपर चुकीचा असेल तर रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर दुरुस्ती मागा. चालू मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा, ओटीपी त्यावरच येतो.

टप्पा ४: ऑनलाइन अर्ज

१ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र फक्त केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून मिळतं. त्याच अर्जातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) दोन्ही तयार होतात. त्याआधीचं कागदी प्रमाणपत्र असेल तर पोर्टलवर ‘आधीचं प्रमाणपत्र आहे’ हा पर्याय निवडा. नवा अर्ज वेगळा भरलात तर दोन अर्ज एकमेकांत अडकतात.

अर्जाला शुल्क नाही. सेवा केंद्रावर भरून घेतलात तर भरण्याची आणि छपाईची मजुरी द्याल तेवढीच. ‘टक्केवारी वाढवून देतो’ म्हणणारा माणूस भेटला तर तिथून उठा.

भरताना चूक होते ती तीन जागी:

*दिव्यांगत्वाचा प्रकार.* सेवा केंद्रातला मुलगा घाईत ‘अस्थिव्यंग’ निवडतो, कारण बहुतेक अर्ज तेच असतात. मग तुम्ही हाडांच्या डॉक्टरांपुढे जाता, आणि ते म्हणतात हा माझा विषय नाही. ‘सिकलसेल’ निवडलंय ना, हे स्क्रीनवर स्वतः वाचा.

*दुसरं दिव्यांगत्व.* सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाला रक्त पुरेसं न पोचल्याने सांधा खराब होणं नेहमीचं आहे; काहींना पक्षाघात होतो, काहींची नजर जाते. असं असेल तर तोही प्रकार अर्जात टाका. दोन दिव्यांगत्वं एकत्र मोजली जातात, पण साध्या बेरजेने नाही. समजा एकाचे ३० टक्के आले, दुसऱ्याचे २०. लहान आकड्याला ९० वजा मोठा आकडा म्हणजे ६० ने गुणायचं, ९० ने भागायचं: १३.३. ते ३० मध्ये मिळवले की ४३.३. नुसत्या सिकलसेलवर हा माणूस ४० टक्क्यांखाली राहिला असता, आणि बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. खुबा दुखतोय पण एक्स-रे काढलेला नाही, अशी किती माणसं मी पाहिलीत. अर्जाआधी काढून घ्या.

*रुग्णालय.* नियमाप्रमाणे राहत्या जिल्ह्यातलं, किंवा जिथे उपचार चालू आहेत ते शासकीय रुग्णालय निवडता येतं. गावातली माणसं जवळचं म्हणून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय निवडतात आणि तिथे रक्ताच्या आजाराची तपासणी करणारे फिजिशियन नसतात. आधी जाऊन किंवा फोन करून विचारा: सिकलसेलचं बोर्ड इथे बसतं का, कोणत्या वारी, किती वाजता टोकन?

अर्ज पूर्ण झाल्यावर नोंदणी क्रमांक येतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा, छापील अर्ज फाइलमध्ये ठेवा.

> तपासा: प्रकार बरोबर, दुसरं दिव्यांगत्व टाकलं, रुग्णालय विचारून निवडलं, नोंदणी क्रमांक लिहून घेतला. २०२४ मध्ये बदललेल्या नियमांनुसार रुग्णालयाने बोलावूनही अर्जदार दोन वर्षांहून जास्त काळ गेला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो. ‘करू कधीतरी’ म्हणून पडू देऊ नका.

टप्पा ५: बोर्डाचा दिवस

रांग लांब असते. सिकलसेलच्या माणसाला उन्हात, पाण्याशिवाय पाच तास बसवलं तर तिथेच झटका येऊ शकतो. दोन लिटर पाणी, खायला भाकरी-भाजी, रोजच्या गोळ्या, दुखण्याची गोळी, थंडीच्या दिवसांत शाल. सोबत एक माणूस हवाच. टोकनसाठी तो उभा राहील, रुग्ण सावलीत बसेल. ताप किंवा जोराचं दुखणं असेल तर त्या दिवशी बोर्डाऐवजी थेट तातडीच्या विभागात जा. बोर्ड पुढच्या आठवड्यातही असतं.

आत गेल्यावर काय बोलायचं याची तयारी घरी करा. माझ्या भावाला डॉक्टरांनी विचारलं, ‘कसं आहे आता?’ तो हात जोडून म्हणाला, ‘ठीक आहे जी, डॉक्टरसाहेब.’ डॉक्टरांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. मी दाराशी उभी होते, माझ्या पोटात गोळा आला. आदल्याच महिन्यात तो आठ दिवस भरती होता. पण मोठ्या माणसाने विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं आहे.

‘कसं आहे’ याचं उत्तर आकड्यांत द्या. ‘गेल्या वर्षी पाच वेळा दुखणं उठलं. तीनदा भरती होतो. दोनदा रक्त चढवलं. डाव्या खुब्यामुळे उकिडवं बसता येत नाही. वर्षभरात साठेक रोज बुडाले.’ प्रत्येक वाक्याला फाइलमध्ये कागद असेल तर डॉक्टर स्वतःच तो मागतात. वाढवून सांगू नका. लाजही धरू नका.

जास्तीची तपासणी सांगितली तर ती कुठे, कधी आणि तिचा रिपोर्ट घेऊन पुन्हा कुणाला भेटायचं, हे बाहेर येण्याआधी विचारा.

टप्पा ६: प्रमाणपत्र आल्यावर आणि न आल्यावर

आता नियमाने प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. अर्जाची स्थिती पोर्टलवर नोंदणी क्रमांकाने दिसते. प्रमाणपत्र तिथूनच उतरवून घेता येतं, पोस्टाने कार्ड येण्याची वाट बघत कामं थांबवू नका. कार्डाचा रंग टक्केवारीवर ठरतो: ४० च्या आत पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा.

चार गोष्टी वाचा: नाव, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी, आणि कायम की तात्पुरतं. तात्पुरतं असेल तर मुदत कधी संपते.

नाकारलं तर तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. कारण लेखी देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि नाकारण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणंही. लेखी कारण हातात आलं की याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं; ते कुणाकडे आणि किती दिवसांत, हे त्याच कार्यालयात लेखी विचारा. अपिलात नवे कागद जोडा. तेच कागद पुन्हा दिले तर निकाल बहुधा तोच येतो.

टप्पा ७: तहसील कार्यालय, संजय गांधी निराधार अनुदान योजना

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे पैसे सुरू झाले, असा मोठा गैरसमज आहे. अनुदानाचा अर्ज वेगळा, कार्यालय वेगळं.

अटी थोडक्यात: वय ६५ पर्यंत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांपर्यंत. इतर निराधारांसाठी ही मर्यादा २१ हजार आहे. तुमच्या अर्जाला कुणी २१ हजार लावत असेल तर तिथेच सांगा की अर्ज दिव्यांग म्हणून आहे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना दरमहा २,५०० रुपये झाले, आधी १,५०० होते. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेबद्दलही विचारा.

कागद या क्रमाने काढा: आधी उत्पन्नाचा दाखला (तलाठ्याचा अहवाल, मग तहसीलदारांची सही), मग रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, रेशन कार्ड, बँक पासबुक. उत्पन्नाचा दाखला सगळ्यात उशिरा मिळतो, म्हणून तो सगळ्यात आधी मागा. बोर्डाची तारीख लागलेली असतानाच.

अर्ज दिला की पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा. मंजुरी तालुक्याच्या समितीच्या बैठकीत होते. पुढची बैठक कधी, ते विचारून ठेवा.

> तपासा: पैसे आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. रोजगार हमीसाठी एक, शिष्यवृत्तीसाठी दुसरं अशी खाती असतील तर बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बघा. ‘मंजूर झालं पण पैसे आले नाहीत’ अशा तक्रारींत मी आधी हेच बघते.

टप्पा ८: बाकीचे लाभ आणि दरवर्षीची कामं

शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के आणि त्यावरील दिव्यांगांना किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत आहे. सिकलसेलच्या विद्यार्थ्याला ती लागू होते, प्रवेश अर्जातच नमूद करा. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार धरलेले नाहीत. ‘कार्ड आहे म्हणजे नोकरी’ असं सांगून पैसे मागणाऱ्यापासून मुलांना दूर ठेवा. ही गोष्ट मला मनापासून अन्यायाची वाटते, पण अर्ज भरताना नियम आहे तसाच धरावा लागतो.

ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत लेखी मागणी करा. एसटी आणि रेल्वेत सिकलसेल रुग्णांसाठी सवलती आहेत, त्या दिव्यांग सवलतीपेक्षा वेगळ्या. रेल्वेसाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, यूडीआयडी कार्ड दाखवून तिकीट मिळत नाही.

अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे बंद होतात, आणि पुन्हा सुरू करायला नव्या अर्जाएवढाच त्रास होतो. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी तीन-चार महिने नूतनीकरणाचा अर्ज करा, आणि त्यासाठी वही चालूच ठेवा. भावाच्या वहीच्या आतल्या मुखपृष्ठावर लाल पेनाने दोन तारखा लिहिलेल्या आहेत: प्रमाणपत्र कधी संपतं ती एक, आणि तहसीलला हयातीचा दाखला द्यायची दुसरी.